बंद पडणारा लॅपटॉप आणि आमचा चुकलेला निवाडा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी साहाय्य समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीचा अहवाल छापून आपल्या हाती आलेलाच आहे. त्यातील आकडे वाचून दाखविण्यासाठी आम्ही उभे राहिलेलो नाही. त्या अहवालात एक ओळ आहे : ‘लॅपटॉपच्या नुकसानीपोटी एका विद्यार्थिनीकडून घेतलेले 3,000 रुपये परत केले.’ या ओळीमागील हकीकत चिटणीस या नात्याने आम्हीच सांगावी हे उचित, कारण तीत झालेली चूक मुख्यतः आमची आहे.

जानेवारी 2025 मध्ये समितीने अकरा गरजू विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक लॅपटॉप वापरावयास दिला. हे लॅपटॉप नवे नव्हते. मोठ्या कंपन्या तीनचार वर्षे वापरून जी यंत्रे काढून टाकतात, ती दुकानदार साफसूफ करून, कमीजास्त भाग बदलून, वर्षभराच्या हमीने विकतात. त्यांना ‘रिफर्बिश्ड’ म्हणतात. नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत चांगले यंत्र मिळते, आणि आमच्या निधीला तेच परवडणारे होते. अकरांपैकी दहा यंत्रे आजतागायत उत्तम चालत आहेत.

अकरावे यंत्र अकोल्याला तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या एका मुलीकडे होते. मार्चपासून ते वरचेवर बंद पडू लागले. काम चालू असता एकाएकी पडदा निळा व्हावा, त्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटाव्यात आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू व्हावे. (2025 च्या मध्यानंतर विंडोजच्या नव्या आवृत्तीत हा पडदा काळा झाला आहे, दुःख तेच आहे.) तीन वेळा यंत्र दुकानात पाठविले. दुकानदाराने तिन्ही वेळा ते तासभर चालवून ‘दोष नाही’ असा शेरा दिला, आणि दोनदा विंडोज नव्याने घातले. दुसऱ्या वेळी मुलीचा प्रकल्प-अहवाल त्यात पुसला गेला. तो तिने आठ रात्री जागून पुन्हा लिहून काढला, हे आम्हांस फार उशिरा कळले.

दुकानदार दोष नाही म्हणतो, यंत्र मात्र तिच्याच हाती बंद पडते. तेव्हा वापरणारीचाच निष्काळजीपणा असला पाहिजे, असा निवाडा समितीने एप्रिलच्या सभेत केला. सिनेमे उतरवून घेतले असतील, कोठून तरी व्हायरस आला असेल, असे एकदोन सभासद म्हणाले. आम्ही त्यांना विरोध केला नाही. ‘काका, निदान ही वही तरी बघा,’ असे ती मुलगी म्हणाली होती. ती वही आम्ही उघडलीही नाही.

मे महिन्यात तिचे वडील तीच वही घेऊन आमच्या घरी आले. ते शिवणकाम करतात. पैसे भरल्याची तक्रार त्यांनी केली नाही. ते एवढेच म्हणाले, ‘साहेब, मशीन टाके सोडू लागले की आम्ही आधी सुई बदलतो. तरी सोडले तर दोरा. मग ताण. तिन्ही एकदम बदलले तर काय बिघडले होते ते कधीच कळत नाही. या यंत्राचे तसे कोणी पाहिले का?’

कोणीच पाहिले नव्हते. त्या रात्री आम्ही वही वाचली. मुलीने प्रत्येक वेळेची तारीख, तास, त्या वेळी चाललेले काम आणि निळ्या पडद्यावरील शब्द टिपून ठेवले होते. एकूण 23 नोंदी. त्यांपैकी 20 दुपारी बारा ते पाच या वेळातल्या. उरलेल्या तिहींतही दोहोंपुढे ‘लाईट नाही, पंखा बंद’ असे लिहिलेले. हे कुटुंब पत्र्याच्या छपराखाली राहते आणि अकोल्याचा उन्हाळा आपणांस ठाऊक आहे. दुकानात मात्र वातानुकूलन होते!

वहीतील दुसरी गोष्ट अधिक बोलकी होती. पडद्यावरील शब्द दर वेळी निराळे होते. एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, एकदा आणखीच काही. एखादा सॉफ्टवेअरचा भाग सदोष असला तर बहुधा तेच तेच नाव पुढे येते. धर्मशाळेत एक खाट मोडकी असली म्हणजे आज एक प्रवासी पडतो, उद्या दुसरा. प्रवाशांची नावे लिहून काय उपयोग? खाट पाहिली पाहिजे. यंत्रातील ही खाट म्हणजे त्याची मेमरी, अर्थात तात्पुरती स्मृती.

तरीही शिंपीदादांचा क्रम आम्ही सोडला नाही. प्रथम पंख्यातील धूळ काढली व प्रोसेसरवरील वाळलेला लेप बदलला. अतिशय तापलेले यंत्र सहसा निळा पडदा न दाखविता एकदम मिटते, म्हणून येथे दोष असेलसे वाटत नव्हते. पण ती सुई होती, आधी बदलणे भाग होते. चौथ्या दिवशी यंत्र पुन्हा बंद पडले. मग डिस्क तपासली; ती निर्दोष निघाली. त्यानंतर मेमटेस्ट86+ नावाचा मोफत मिळणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून त्यावरूनच यंत्र सुरू केले. हा प्रोग्राम मेमरीच्या प्रत्येक घरात ठरावीक अंक लिहितो आणि वाचून पाहतो. रात्री दोन फेऱ्या स्वच्छ गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी, खोलीतील पंखा मुद्दाम बंद ठेवून, आम्ही समोर बसलो. तिसऱ्या फेरीत तांबड्या ओळी उमटू लागल्या.

असे का व्हावे? या मेमरीत प्रत्येक अंक म्हणजे अत्यल्प विद्युत्भार असतो. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना 1968 मध्ये पेटंट मिळालेली ही रचना आहे. माठ जसा पाझरतो तसा हा भार सतत पाझरतो, म्हणून सामान्यतः 64 मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक घर पुन्हा भरावे लागते. उष्णता वाढली की पाझर वाढतो. धडधाकट घर तेवढा वेळ तग धरते. चीर गेलेले घर भरणी येण्यापूर्वीच रिते होते. एखादी चूक अवचितही होऊ शकते; चिपच्या वेष्टनातील सूक्ष्म किरणोत्सारी अंशातून निघणारे अल्फा कण अंक उलटवू शकतात, हे इंटेलमधील मे आणि वुड्स यांनी 1978 मध्ये दाखवून दिले आहे. परंतु त्याच त्या पत्त्यावर पुनःपुन्हा होणारी चूक अवचित नव्हे.

यंत्रात 8 जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. एक मूळची, दुसरी दुकानदाराने वाढविलेली, निराळ्या बनावटीची. अर्थात आमचा संशय दुकानदाराच्या पट्टीवर! यंत्र बंद करून, बॅटरी तोडून, हात धातूला लावून आम्ही एकेक पट्टी निरनिराळी तपासली. दुकानदाराची पट्टी दोन दुपारी निष्कलंक राहिली. दोष मूळच्या पट्टीत होता. चांगली पट्टी सदोष पट्टीच्या खाचेत बसवून पाहिली, तेव्हा खाचही निर्दोष ठरली. पंधरवड्यात आमचा तर्क दुसऱ्यांदा खोटा पडला.

तांबड्या ओळींचे छायाचित्र दाखविताच दुकानदाराने हमीनुसार विनातक्रार नवी पट्टी दिली. त्यानंतर यंत्र त्याच पत्र्याखाली चालले आणि एकदाही बंद पडले नाही.

पैसे परत करण्यासाठी आम्ही अकोल्याला स्वतः गेलो. मुलीने ते घेतले, पावती लिहून दिली, आणि वही परत मागितली. क्षमा मागितली ती त्या घरात. परंतु दोषारोप सभेत झाला होता, म्हणून ती आज सभेतही मागत आहोत. आठ रात्रींची भरपाई समितीपाशी नाही.

यंदाच्या यंत्रांबाबत समितीने ठरविले आहे की, वाटपापूर्वी प्रत्येक यंत्र एक रात्र आणि एक दुपार, पंख्याविना, मेमटेस्टवर चालवावे. या कामास दोन तरुण स्वयंसेवक हवे आहेत. नावे कार्यालयात द्यावीत. यंत्र बंद पडल्याची तक्रार आली तर विद्यार्थ्याची नोंदवही सभेत आधी वाचली जाईल.

ती सदोष पट्टी दुकानदाराकडून आम्ही मागून आणली आहे. येथे मेजावर ठेवली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी अवश्य पाहावी. मात्र कोणी ती घरी नेऊन आपल्या यंत्रात बसवू नये.