पुरवठा साखळीतली जात



तुमच्यातले बरेच जण एमबीए, बीकॉम किंवा टेक्स्टाइलचा डिप्लोमा करून कंपनीत लागलेत किंवा लागणार आहेत. कुणी एचआरमध्ये, कुणी क्वालिटीत, कुणी मर्चंडायझर म्हणून. सप्लाय चेन मॅनेजमेंटचा पेपर तुम्ही दिला असेल. त्यात लीड टाइम असतो, इन्व्हेंटरी असते, व्हेंडर रेटिंग असतं. जात नसते. मी समाजशास्त्रवाली, त्यामुळे माझी सुरुवात तिथूनच.

तमिळनाडूतल्या दिंडिगुलचं उदाहरण घेऊ. तिरुप्पूर, कोइम्बतूर, दिंडिगुल हा सगळा पट्टा सूतगिरण्यांचा आणि कपड्यांच्या कारखान्यांचा. माल जातो युरोप-अमेरिकेत. डिझाइन, दर आणि तारीख तिकडचा ब्रँड ठरवतो. कारखाना त्याचा नसतो आणि कामगारही त्याचे नसतात. दर उतरला, तारीख अलीकडे आली, की कारखानदार तासाचं टार्गेट वाढवतो. ते लाइनवर पोचतं सुपरवायझरच्या तोंडून. सुपरवायझर बहुतेक पुरुष, मशीनवर बहुतेक बायका, त्यांत दलित मोठ्या संख्येने. पुस्तकात जे 'खर्च नियंत्रण' असतं, ते तिथे शिवी होऊन येतं. कधी त्याहून वाईट काही होऊन.

जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या नाच्ची अपॅरल कारखान्यातल्या एका विशीतल्या दलित कामगार मुलीचा खून झाला. अटक झाली तिच्या सुपरवायझरला. कारखाना ईस्टमन एक्स्पोर्ट्सचा, माल एचअँडएमचा.

मग ऑडिट कशासाठी असतं, असं तुम्ही विचाराल. गंमत अशी, की ब्रँडच्या आचारसंहितेत जात हा शब्द असतो. एथिकल ट्रेडिंग इनिशिएटिव्हच्या संहितेत वंश, धर्म यांच्याबरोबर जातही लिहिलेली आहे. एसए ८००० या प्रमाणपत्राच्या निकषांतही आहे. पण ऑडिटर येतो एक-दोन दिवस, रजिस्टर बघतो, मॅनेजरने बोलावलेल्या कामगारांशी बोलतो. आडनावावरून, वस्तीवरून, पाण्याच्या ग्लासावरून जे आपल्याला पाच मिनिटांत कळतं, ते त्याच्या चेकलिस्टमध्ये कुठे लिहिणार? आणि जातीचं सोडा, २०१२ मध्ये कराचीच्या अली एंटरप्रायझेसला हेच एसए ८००० प्रमाणपत्र मिळालं आणि काही आठवड्यांतच तिथल्या आगीत अडीचशेहून जास्त कामगार मेले.

दिंडिगुलमध्ये पुढे जे घडलं ते ऑडिटमुळे नाही. तमिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियन ही दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालची युनियन. ती आणि मृत मुलीचं कुटुंब मागे हटलं नाही. एशिया फ्लोअर वेज अलायन्स आणि ग्लोबल लेबर जस्टिस सोबत आले. एप्रिल २०२२ मध्ये करार झाला: युनियनचा ईस्टमनशी, आणि युनियन व या संघटनांचा एचअँडएमशी. गॅप आणि पीव्हीएच नंतर सामील झाले. यात लिंगाधारित हिंसेबरोबर जातीवरून होणारा भेदभावही आहे. दर २५ कामगारांमागे युनियनने निवडलेली एक कामगार देखरेख करते. तक्रार तिच्याकडे जाते. वर स्वतंत्र तपासनीस. कारखान्याने करार मोडला तर ब्रँडने ऑर्डरवर परिणाम करायचा. हे बंधनकारक आहे, ब्रँडच्या मर्जीवर नाही.

माझ्या मते कळीचा मुद्दा इथे आहे. एरवी ऑर्डर जाण्याची भीती कामगाराला दाखवतात: तोंड उघडलंस तर कारखाना बंद पडेल. इथे तीच भीती मालकाला, तीही तक्रार दाबल्याबद्दल. साखळी तीच, फक्त ताण उलट्या दिशेने.

मोठं यश आहे, पण व्याप्ती बघा. करार ईस्टमनच्या दिंडिगुलमधल्या युनिटांपुरता, कामगार पाच हजारांच्या आसपास. त्याच पट्ट्यातल्या इतर असंख्य सूतगिरण्या बाहेर. कारखाना निदान ब्रँडच्या यादीत असतो. सूत कुठून आलं हे अनेकदा ब्रँडलाही सांगता येत नाही. 'सुमंगली' योजनेखाली गरीब घरातल्या मुलींना तीन-तीन वर्षं हॉस्टेलमध्ये ठेवून, शेवटी हुंड्यापुरती एकरकमी रक्कम द्यायचं आमिष दाखवलं गेलं, ते याच गिरण्यांमध्ये.

आता तुमच्याबद्दल. लाइनवरच्या मुलीची तक्रार एचआरच्या टेबलावर येते तेव्हा तिथे बसलेला माणूस हल्ली आपल्यातलाही असू शकतो, पहिल्या पगारावर घर चालवणारा, प्रोबेशनवरचा. त्याने एकट्याने हीरो व्हावं असं मी म्हणणार नाही. दिंडिगुलमध्येही कुणी एकटं नव्हतं. पण व्हेंडरची फाइल हातात आली की प्रमाणपत्राच्या मागचं पान उलटून इतकं तर बघता येतं: इथे युनियन आहे का, तक्रार कोण घेतं, आणि घेणाऱ्याला कोणी निवडलं?

कंप्लायन्समध्ये काम करणारं कुणी इथे असेल तर प्रश्नोत्तरांत आधी त्यांनी बोलावं.