कर्करोग पंधरा पट वाढला, मृत्यू तेवढेच राहिले



थेट विषयालाच हात घालतो. २०११ साली दक्षिण कोरियात थायरॉइडच्या कर्करोगाचे ४०,००० हून अधिक नवे रुग्ण नोंदवले गेले. १९९३ च्या तुलनेत हा दर १५ पट होता. पोटाचा, फुप्फुसाचा, स्तनाचा, सगळे कर्करोग मागे पडले आणि थायरॉइडचा कर्करोग त्या देशात पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. असा आकडा समोर आला की माणूस विचारतो, पाण्यात काही आहे का, अन्नात काही मिसळतंय का, कुठे किरणोत्सर्ग झाला का? हे प्रश्न रास्तच आहेत. पण त्यांच्याआधी आलेखावरची दुसरी रेघ बघावी लागते, मृत्यूंची. या कर्करोगाने कोरियात वर्षाला ३०० ते ४०० माणसं दगावत होती. रुग्ण पंधरा पटींनी वाढत असताना ही मृत्यूंची रेघ जवळपास आडवीच राहिली.

मग वाढलं काय? १९९९ मध्ये कोरियन सरकारने कर्करोग तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात थायरॉइड नव्हताच. पण लोक तपासणीला येऊ लागल्यावर रुग्णालयांनी आणि खासगी दवाखान्यांनी मानेची सोनोग्राफी जोडून द्यायला सुरुवात केली. खर्च ३० ते ५० डॉलर. सुई नाही, उपाशी राहणं नाही. मानेवर गार जेल लावायचं, प्रोब फिरवायचा, पाच-दहा मिनिटांत काम संपलं. आलोच आहोत तर मानही बघून घेऊ, असं कुणालाही वाटेल. पडद्यावर मात्र दोन-तीन मिलिमीटरची गाठसुद्धा दिसते. दिसली की सुईने पेशी काढायच्या, आणि अहवालात ‘पॅपिलरी कार्सिनोमा’ हे शब्द आले की त्या घरातली झोप उडते. देशातल्या १६ प्रशासकीय विभागांची तुलना केल्यावर चित्र स्पष्ट झालं. जिथे जास्त लोकांची तपासणी झाली, तिथे कर्करोगही जास्त सापडला.

या गाठी आल्या कुठून, याचं उत्तर फिनलंडमध्ये १९८५ सालीच मिळालं होतं. तिथल्या विकृतिशास्त्रज्ञांनी १०१ शवविच्छेदनांत थायरॉइड ग्रंथी बाहेर काढून अडीच-अडीच मिलिमीटरच्या चकत्या केल्या आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. या माणसांचा मृत्यू थायरॉइडच्या कर्करोगाने झालेला नव्हता. तरीही त्यांच्यातल्या सुमारे ३६ टक्क्यांच्या ग्रंथीत पॅपिलरी कर्करोग होता, बहुतेक वेळा अगदी बारीक. अडीच मिलिमीटरपेक्षा लहान गाठ दोन चकत्यांच्या मधे निसटू शकते, म्हणजे खरं प्रमाण याहूनही जास्त असणार. तात्पर्य, निरोगी प्रौढांच्या माना तपासायला घेतल्या तर कर्करोगाचा साठा तयारच आहे. जेवढं शोधू तेवढं सापडेल.

आता कुणी म्हणेल, सापडला ते बरंच झालं, वेळेवर काढून तरी टाकला. कोरियात जवळजवळ सर्वच रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली, आणि सुमारे दोन तृतीयांशांची संपूर्ण ग्रंथी काढली गेली. ग्रंथी गेली की थायरॉक्सिनची गोळी जन्मभर, रोज सकाळी, उपाशीपोटी. ग्रंथीला चिकटून तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्या दुखावल्या की रक्तातलं कॅल्शियम उतरतं, ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आखडतात. विम्याच्या नोंदींनुसार शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ११ टक्क्यांना हा त्रास झाला आणि २ टक्क्यांच्या स्वरतंतूची हालचाल गेली. टक्केवारीत दोन हा आकडा किरकोळ वाटतो. चाळीस हजारांत तो आठशे माणसांचा आवाज होतो. यातल्या बहुतेकांना त्या गाठीने आयुष्यात कधीच त्रास दिला नसता. हे मला फार गंभीर वाटतं.

आणखी एक आकडा लोकांची दिशाभूल करतो. निदानानंतर पाच वर्षांनी किती रुग्ण हयात आहेत, हे प्रमाण कोरियात १०० टक्क्यांच्या घरात पोहोचलं. उपचारांचं यश म्हणून ते सांगता येतं. पण जे या रोगाने मरणारच नव्हते अशी हजारो माणसं रुग्णांच्या यादीत घातली, तर कुणाचाही जीव न वाचवता ही टक्केवारी चढते. म्हणून जगण्याची टक्केवारी एकटी वाचू नये. लोकसंख्येतला मृत्युदर शेजारी ठेवावा.

मार्च २०१४ मध्ये कोरियातल्या आठ डॉक्टरांनी जाहीर पत्र काढलं की तक्रार नसलेल्यांनी थायरॉइडची सोनोग्राफी करून घेऊ नये. वर्तमानपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने ते उचललं. वर्षभरात नवं निदान सुमारे ३० टक्क्यांनी आणि शस्त्रक्रिया सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्या. मृत्यू काही त्यामुळे उसळले नाहीत. या सगळ्या वादाचा निकाल माझ्या मते इथेच लागतो. रोगाची खरी साथ डॉक्टरांच्या पत्राने ओसरत नाही.

याचा अर्थ थायरॉइडचा कर्करोग खरोखर कधी वाढतच नाही, असा घेऊ नका. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेत किरणोत्सर्गी आयोडीन हवेत गेलं, गवतावर पडलं, गाईच्या पोटात गेलं आणि दुधातून लहान मुलांच्या थायरॉइडमध्ये साचलं. बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत, अपघाताच्या वेळी लहान किंवा किशोरवयीन असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत सहा हजारांहून अधिक कर्करोग आढळले. तपासणी तिथेही वाढली होती, पण किरणोत्सर्गाचा वाटा निर्विवाद आहे. उलट २०११ च्या अणुभट्टी दुर्घटनेनंतर जपानमधल्या फुकुशिमात सुमारे तीन लाख मुलांच्या मानांची सोनोग्राफी झाली आणि पहिल्याच फेरीत शंभरावर कर्करोग किंवा संशयित कर्करोग निघाले. तिथली किरणोत्सर्गाची मात्रा चेर्नोबिलहून फारच कमी होती. ही वाढ अतिसूक्ष्म तपासणीमुळे दिसते, असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने काढला. भेदरलेल्या आईबापांना हे समजावणं किती अवघड गेलं असेल!

आपल्याकडे मुंबईत १९६३ पासून आणि बार्शीत १९८७ पासून लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी चालते. बार्शीची नोंदणी ग्रामीण भागासाठी देशातली पहिली. तिरुवनंतपुरमच्या स्त्रियांमधला थायरॉइड कर्करोगाचा दर बार्शीच्या कितीतरी पट आहे. त्यावरून केरळच्या बाया आजारी आणि बार्शीच्या ठणठणीत, असं म्हणता येणार नाही. सोनोग्राफीची यंत्रं कुठे किती आहेत आणि कुणाच्या हाताशी आहेत, हे आधी विचारावं लागेल. कमी दराच्या आड निदानाविना राहिलेला खरा रुग्णही असू शकतो, आणि त्याची चिंता मला जास्त आहे.

मानेत गाठ हाताला लागली, आवाज बसला आणि तीन-चार आठवडे सुधारला नाही, गिळताना अडखळलं, लहानपणी मानेवर किरणोपचार झाले असतील किंवा जवळच्या नात्यात हा कर्करोग असेल, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. यातलं काहीच नसेल, तर तपासणीच्या पॅकेजमधली मानेची सोनोग्राफी नाकारा. टीएसएचची रक्ततपासणी वेगळी, ती ग्रंथीचं काम पाहते, कर्करोग नाही. आणि एक सेंटिमीटरहून लहान पॅपिलरी गाठ निघालीच, तर जपानमधल्या कोबेच्या कुमा रुग्णालयात १९९३ पासून अशा रुग्णांना शस्त्रक्रियेऐवजी नियमित देखरेखीचा पर्याय दिला जातो, हे ध्यानात ठेवा. तिथे दहा वर्षांत शंभरातल्या आठांच्याच गाठी तीन मिलिमीटर किंवा अधिक वाढल्या. तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना एवढं जरूर विचारा, ‘माझ्या बाबतीत थांबून पाहता येईल का?’