यंदाचं वाण शाळेच्या ग्रंथालयाला
मायबहिणींनो, आपल्या वाशीमकडे सध्या तुरीची सोंगणी, हरभऱ्याला पाणी, यातच दिवस सरतो. त्यात ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ला सिंदखेडराजाच्या जिजाऊंची, मग संक्रांत. शाळेत हार घालतात, भाषणं होतात. पुस्तकांचं कपाट उघडतं का, तेवढं विचारा.

यंदा हळदीकुंकू शाळेतच ठेवू. वाण म्हणून डब्या-वाट्या वाटण्याऐवजी गटाने मिळून गोष्टींची पुस्तकं घ्यावी, ग्रंथालयाला द्यावी. रथसप्तमीपर्यंत वेळ आहे. विधवा बहिणीलाही मानाने बोलवा. सावित्रीबाई विधवांसाठी झटल्या. त्यांच्याच जयंतीच्या महिन्यात तिला दाराबाहेर कसं ठेवायचं?

अन् मुलीला पुस्तक घरी न्यायला मिळेल, हे गुरुजींकडून कबूल करून घ्या. रात्री मोठ्या आहेत. लेकीने वाचावं, आपण भाकरी थापता थापता ऐकावं.