रोपवाटिकेचे व्रत
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आज चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने केली, हा आम्ही आमच्या कुटुंबाचा गौरव समजतो. रोपे तयार करून विकण्याचा व्यवसाय आमच्या घरी तीन पिढ्या चालत आला आहे. वक्तृत्व आमच्या अंगी नाही. तेव्हा मळ्यात जे शिकलो तेच सांगणे उचित होय.

आपल्या व्यवसायाचे आदर्श म्हणजे श्रीसंत सावता महाराज. सोलापूर जिल्ह्यातील अरण येथे त्यांनी 1295 साली देह ठेवला. पंढरी जवळ असूनही ते वारीस गेले नाहीत. मळ्यातील कष्टांतच त्यांनी पांडुरंग पाहिला. म्हणून पांडुरंगाचीच पालखी पंढरीहून अरणला जाते. त्यांचे समकालीन श्रीनामदेव महाराज यांचे जन्मस्थान म्हणून वंदिले जाणारे नर्सी तर आपल्याच हिंगोली जिल्ह्यात आहे. देव सावतोबांच्या हृदयात लपला आणि नामदेवराय त्याला शोधीत राहिले, ही कथा आपण सर्वांनी कीर्तनात ऐकलीच आहे.

आमचे आजोबा अशाच वृत्तीचे होते. पावसाळा सोडला तर ते घरात निजलेले आम्हांस आठवत नाहीत. त्यांची बाज मळ्यातल्या लिंबाखाली असे. पहाटे वाऱ्याची दिशा पाहून ते दिवसाचे काम ठरवीत. माणूस भिंतीआड बसला की त्याला झाडाची तहान कळत नाही, असे ते म्हणत.

हा धंदा बाहेरून सोपा दिसतो. वस्तुतः मोसंबीचे एक कलम हाती यावयास सुमारे दोन वर्षे लागतात. प्रथम रंगपूर लिंबाचे बी पेरावे, रोपे उपटून दुसऱ्या वाफ्यात लावावी, खोड पेन्सिलीएवढे जाड झाले की त्यावर डोळा भरावा. डोळा जमिनीपासून वीतभर उंच असावा. लावताना तो जोड मातीत पुरला गेला, तर डिंक्या रोगास आयते निमंत्रण मिळते.

परंतु खरी कसोटी हाताच्या कौशल्याची नसून सचोटीची आहे. धान्य घेणारा मूठभर दाणे पारखून घेतो. कलम घेणारा काय पारखणार? झाडाची जात त्याला फळ लागेल तेव्हाच कळते. तोवर आपला शब्द हाच त्याचा पुरावा. फळरोपवाटिकांचा 1969 चा कायदा कलमांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवतो. परंतु मनात खोट असेल तर नोंदवही काय करील?

येथे आमचाच अपराध सांगणे प्राप्त आहे. 1990 साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि कलमांची मागणी एकाएकी वाढली. आम्ही मातृवृक्ष न पाहता बाहेरून डोळकाड्या आणल्या. पाचव्या वर्षी एक शेतकरी आला. तो रागावला नाही. त्याने पिशवीतून दोन फळे काढून आमच्या वडिलांपुढे ठेवली. जात दुसरीच होती. वडिलांनी त्याला सर्व कलमे नवी दिली, लावूनही दिली. निघताना तो एवढेच म्हणाला, "मालक, कलमे दिलीत, माझी पाच वर्षे कोठून देणार?" त्यास आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. तेव्हापासून मातृवृक्ष स्वतः पाहिल्याशिवाय आमच्या मळ्यात चाकू उघडला जात नाही.

आपली मुले शिकोत, नोकऱ्या करोत. त्यात आम्हांस आनंदच आहे. मात्र मातीने हात मळतात म्हणून कोणी या व्यवसायाची लाज बाळगू नये. महात्मा फुले यांच्या घराण्यास 'फुले' हे नाव फुलांच्या व्यवसायावरूनच मिळाले, हे विसरू नये. जो मुलगा मळा सांभाळील, त्याला जमिनीबरोबर दिलेला शब्दही वारशाने मिळतो, एवढे त्याच्या मनावर बिंबवावे. आम्ही लावलेल्या झाडाची सावली बहुधा परक्याच्या अंगणात पडते. ती गोड असावी, एवढीच सावतोबांच्या चरणी प्रार्थना करून आपली रजा घेतो.