वादळानंतर वाडीतील पडझड

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन-मुरूड पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या असंख्य वाड्या, म्हणजे घरालगतच्या बागा, आडव्या झाल्या. अशा वाडीत कोयता चालवण्याआधी तुटलेल्या तारांतील वीजपुरवठा बंद असल्याची खात्री वीज कर्मचाऱ्यांकडून करून घेणे अत्यावश्यक असते. वाकून अडकलेल्या खोडाची बाहेरची, ताणलेली बाजू आधी खोलवर कापल्यास ते अचानक फाटून उसळते. म्हणून आतल्या, दाबाखालच्या बाजूस उथळ खाच घेऊन मगच ताणाच्या बाजूने काप द्यावा, आणि तोही जाणत्या हातांनीच. नारळाची कुजणारी खोडे वाडीत मुळीच ठेवू नयेत, कारण त्यांत गेंड्या भुंग्याची, म्हणजे माडाचा कोवळा कोंब पोखरणाऱ्या शिंगधारी किडीची, पैदास होते आणि वादळातून वाचलेले माडही तिच्या तावडीत सापडतात.