पानाची डावी बाजू

कच्चं खाण्याचा विषय निघाला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, उद्यापासून गॅस बंद, सगळं कच्चंच खायचं. दुसरा म्हणतो, पाला खायला आम्ही काय गुरं आहोत? या दोघांना जरा बाजूला बसवू आणि आपल्या वाढलेल्या पानाकडे बघू. उजवीकडे भाजी, आमटी. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. म्हणजे कच्च्याची सोय आपल्याकडे होतीच. पण घरोघरी ती कोशिंबीर आता चमचाभर उरली आहे, आणि तीसुद्धा पाहुणे येणार असतील तर! ती माणशी वाटीभर व्हावी, आणि रोज व्हावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

यासाठी परदेशी पानं आणि महागडी तेलं विकत आणायला नकोत. मराठवाड्यात, विदर्भात कोवळ्या मेथीचा किंवा करडईचा घोळाणा करतात: चिरलेला पाला, कांदा, तिखट, मीठ, दाण्याचा कूट आणि वरून कच्चं तेल. पाथरीची पानं तर भाकरीबरोबर तशीच खातात. मुळ्याची पचडी, कोबीची पचडी, खमंग काकडी, चैत्रातली आंबेडाळ... आंबेडाळीतली हरभऱ्याची डाळ फक्त भिजवून वाटलेली असते, हे खाताना लक्षातही येत नाही. आणि बुक्कीने फोडलेला कांदा आहेच.

आता, कच्चं का? मुख्य कारण क जीवनसत्त्व. ते पाण्यात विरघळतं आणि उष्णतेनं नष्ट होतं. भाजी चिरून धुतली, भरपूर पाण्यात उकळली आणि ते पाणी ओतून दिलं, तर त्यातलं बरंच मोरीत जातं. हेच क जीवनसत्त्व डाळी आणि पालेभाज्यांमधलं लोह अंगी लागायला मदत करतं. म्हणून पानातलं लिंबू शोभेला ठेवू नका, पिळा. मुलांना पेरू द्या; क जीवनसत्त्वाच्या बाबतीत संत्रं त्याच्या जवळपासही येत नाही. शिवाय कच्चं नीट चावावं लागतं, त्यामुळे जेवण आपोआप सावकाश होतं.

पण शिजवलेलं सगळं निःसत्त्व, हे मात्र खरं नाही. गाजरातलं कॅरोटिन, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं, ते शिजवल्यावर किंवा बारीक किसल्यावर जास्त मिळतं आणि त्याला थोडी स्निग्धता लागते. आपल्या आज्या गाजराच्या कोशिंबिरीवर तुपात जिरं-हिंग तडतडवून ओतायच्या. चवीसाठीच ओतत असतील, पण काम चोख करायच्या.

सगळंच कच्चं खाण्याचा प्रयोग गांधीजींनी १९२९ साली साबरमतीच्या आश्रमात केला होता. मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, कच्चा पाला, लिंबं, मध. सोबतीही होते. त्याची हकीकत ते ‘यंग इंडिया’त लिहीत. काही महिन्यांत त्यांना आव झाली आणि प्रयोग थांबला. इतक्या नेमाच्या माणसाला जे झेपलं नाही, ते चार माणसांच्या संसारावर, त्यात शाळेत जाणारी मुलं आणि कवळी लावणारे आजोबा असताना, लादू नये.

धोकेही आहेत, आणि ते सांगायलाच हवेत. सांडपाण्यावर किंवा मैला मिसळलेल्या मातीत वाढलेल्या भाजीवर जंतूंबरोबर पट्टकृमीची अंडीही असू शकतात. ती पोटात गेली की मेंदूपर्यंत गाठी होतात, फिट्स येतात. शुद्ध शाकाहारी माणसालाही. म्हणून कोथिंबीर असो वा कोबी, पान न् पान सुटं करून वाहत्या पाण्याखाली धुवा. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं की झालं, असं समजू नका. पावसाळ्यात पालेभाजी शिजवूनच खावी. मोडांचंही तसंच. दमट, उबदार फडक्यात मुगाला जशी वाढ मिळते तशी जंतूंनाही मिळते. गर्भवती, लहान मुलं, म्हातारी माणसं यांना मोड वाफवूनच द्या. राजमा तर कच्चा किंवा अर्धवट शिजलेला कुणीच खाऊ नये. त्यातल्या विषारी द्रव्यानं उलट्या-जुलाब होतात. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे किंवा रक्त पातळ ठेवण्याचं औषध चालू आहे, त्यांनी पाल्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

राहता राहिला खरा प्रश्न: किसायचं कोणी? वाटीभर कोशिंबीर म्हणजे चार जणांसाठी अर्धा किलोच्या आसपास भाजी धुवायची, सोलायची, किसायची. हे कामही त्याच एका बाईच्या अंगावर पडणार असेल, तर आरोग्याचा हा उत्साह आठवडाभर टिकणार नाही, आणि दोष तिचा नसेल. काकडी चोचवायला स्वयंपाक यावा लागत नाही. ती बातम्या ऐकता ऐकता वडिलांना जमते, गाजर आठवीतल्या मुलाला. मात्र किसून तासन् तास ठेवू नका, आणि मीठ अगदी वाढताना घाला, नाहीतर पाणी सुटतं. डब्यात कोशिंबिरीऐवजी काकडी-गाजराचे जाडसर तुकडे द्या, तिखट-मिठाची पुडी वेगळी.

आणि हो, काकडी असो की दुधी, चिरताना एक तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर साखर, लिंबू घालून खपवू नका. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावली आहेत. चार पैसे गेले तरी चालतील, ती अख्खी फेकून द्या.