चाळीस पोरं मोजा

(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'बालकल्याणाच्या योजना आणि आपण'. विषय ऐकल्याबरोबर मागची दोन पोरं चहाला उठली, ती मी बघितली. त्यांचंही चूक नाही. बालकल्याण म्हटलं की डोळ्यापुढं काय येतं? कडक इस्त्रीची साडी, दूधपावडरचा डबा, आणि डबा देताना काढलेला फोटो. आपल्याला मोर्चा कळतो, दंगल कळते, अत्याचार झाला की गाडी भरून जायचं कळतं. पोरांची खिचडी म्हंजे बायांचं काम. आपण क्रांतीवाले.

तर मग एक सांगा. पँथर हे नाव आपण कुठून आणलं?

१९७२ साली या मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिनं नाव घेतलं अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडून. ब्लॅक पँथर पार्टी. त्यांचे फोटो तुम्ही पाहिलेत. काळं जाकीट, तिरकी टोपी, हातात बंदूक. पण १९६९ च्या जानेवारीत हीच माणसं ओकलंड शहरातल्या एका चर्चमध्ये पहाटे उठून पोरांना नाश्ता करून घालायला लागली. फुकट. कारण सोपं होतं. उपाशी पोराच्या डोक्यात शाळा शिरत नाही. बघताबघता हा नाश्ता गावोगाव पसरला. आणि एफबीआयचा साहेब हूवर, त्यानं त्याच वर्षी आपल्या हाताखालच्यांना कळवलं, की या पक्षाचं सगळ्यांत परिणामकारक आणि म्हणून सगळ्यांत धोकादायक काम म्हंजे हा नाश्ता. बंदुका होत्याच, पण साहेबाची झोप उडवली पातेल्यानं.

आपल्याकडं सातासमुद्रापलीकडून नाव आलं, मूठ आली, जाकीटही आलं. पातेलं काही आलं नाही.

कुणी म्हणेल, हे सुधारणावादी बोलणं झालं. म्हणू दे. बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बाळंतिणींच्या बिलावर उभे राहिले. मालकांची रड होती की बाईला बाळंतपणाची पगारी रजा दिली तर धंदा बुडेल. बाबासाहेबांनी सांगितलं की बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे. म्हणून त्याचा मोठा भार सरकारनं उचलावा, आणि त्या बाईच्या घामावर नफा कमावतो तो मालकही त्यातून सुटत नाही. १९२९ मध्ये कायदा झाला. म्हंजे ज्या काळात महाडचा सत्याग्रह ताजा होता, त्याच काळात हा माणूस बाळंतिणीच्या पगाराचा हिशेब मांडत होता. त्यांना ही दोन वेगळी कामं वाटली नाहीत. आपल्याला का वाटतात?

आता कायद्यात रजा आहे २६ आठवडे. २०१७ पासून. या मांडवात ज्यांच्या आईला, बहिणीला, बायकोला २६ आठवडे मिळाले त्यांनी हात वर करा.

बघा. एकही नाही.

मिळणार कशी? हा कायदा आस्थापनेत नोकरी असणाऱ्या बाईचा. आपल्या बाया चार घरची धुणीभांडी करतात, नाक्यावर उभ्या राहतात, कंत्राटदाराच्या हाताखाली झाडू मारतात, कचरा वेचतात. त्यांची रजा म्हंजे मॅडमला दुसरी बाई मिळेपर्यंतचे दिवस.

अशा बायांसाठी म्हणून २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात लिहिलं, की गरोदर आणि स्तनदा मातेला ६,००० रुपयांपेक्षा कमी मिळता कामा नये. कायद्यातला आकडा हा. २०१७ ला योजना आली तेव्हा हातात ठेवले ५,०००, तेही हप्त्याहप्त्यानं, आणि फक्त पहिल्या बाळाला. पुढं २०२२ पासून दुसऱ्या बाळालाही द्यायला लागले, पण ते बाळ मुलगी असेल तर.

माझ्या ताईचं सांगतो. २०१८ साल. सातवा महिना, चार घरची कामं. फॉर्म भरायला गेली. टेबलावरचा माणूस म्हणाला, नवऱ्याचं आधारकार्ड आणा. तेव्हाचा नियमच तसा होता. नवरा तर तिला टाकून दुसरीकडं नांदत होता. ती म्हणाली, तो येत नाही. तो माणूस म्हणाला, मग त्याला घेऊन या. ताईनं विचारलं, "साहेब, बाळ माझ्या पोटात हाय का त्याच्या कार्डात?" लाइनीतल्या बाया हसल्या. साहेब हसला नाही. पैसे काही आले नाहीत. नवव्या महिन्यापर्यंत ती भांडी घासत होती. नवऱ्याच्या कार्डाची सक्ती पुढं काढली, २०२२ च्या नियमात. तोवर आमचा भाचा चालायला, बोलायला लागून आईच्या मागं कामावर जायला लागला होता.

आता अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५, आणीबाणीतला गांधी जयंतीचा दिवस. देशात ३३ ठिकाणी ही योजना सुरू झाली. त्यातली शहरी ठिकाणं फक्त चार, आणि त्यातलं एक आपली धारावी. सहा वर्षांखालच्या पोराला खाणं, वजन, लस, खेळ. कागदावर झकास. त्या पोराच्या एका दिवसाच्या खाण्याचा दर २०१७ साली ठरला ८ रुपये. आठ! एका अंड्यातच ते संपतात. तेल, गूळ, इंधन कुठून आणायचं ते सेविकेनं बघावं. (अंड्याचं तर विचारूच नका. शाळेतल्या पोरांना आठवड्याला एक अंडं २०२३ ला सुरू केलं, आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारनं त्याचा पैसा काढून घेतला. पोराच्या ताटात अंडं पडलं की कुणाचा तरी धर्म बाटतो. पोर वाळलं तर कुणाचं काही बाटत नाही.)

आणि त्या आठ रुपयांवरही डोळा आहे. घरी न्यायच्या आहाराचं काम बचतगटांच्या बायांनी करायचं, ठेकेदार नको, असं सुप्रीम कोर्टानं २००४ मध्येच बजावलं होतं. आपल्या राज्यानं २०१६ ला टेंडर काढलं ते अशा अटींचं की साध्या बचतगटाला दारातही उभं राहता येऊ नये. हजारो कोटींचं काम. २०१९ ला कोर्टानं ते रद्द केलं. तोवर पाकिटं येतच होती, आणि आमच्या वस्तीत शेळ्या ती आवडीनं खात होत्या. माझी आई म्हणायची, बहात्तरच्या दुष्काळातली सुकडी याच्यापेक्षा बरी होती.

आता तर तेही पाकीट मोबाईलला बाईचं तोंड ओळखू आलं तरच. १ जुलै २०२५ पासून. पहाटे सहाला कामावर गेलेल्या बाईचं तोंड त्या मोबाईलला दिसणार कसं? तिची सासू पाकीट मागायला जाते, तर म्हणतात तुमचं तोंड चालत नाही.

यात सेविकेला शिव्या घालू नका. ती आपलीच आहे, आपल्याच गल्लीतली. २००६ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सेविका ही सरकारी पदावर नाही. तिला पगार मिळत नाही, मानधन मिळतं. मान कुठं दिसत नाही आणि धन तर त्याहून नाही. २०२२ साली कुठं कोर्टानं तिचा ग्रॅच्युइटीचा हक्क मानला. २०२१ मध्ये तिला जो मोबाईल दिला तो चालेना आणि त्यातलं ॲप इंग्रजीत, तेव्हा या बायांनी हजारोंनी मोबाईल सरकारला परत केले. डिसेंबर २०२३ पासून ५२ दिवस राज्यभर संप केला. या ५२ दिवसांत आपला एक तरी बॅनर आझाद मैदानात गेला होता का? मी गेलो नव्हतो. मला वाटलं, हा बायांचा संप.

आता ज्यासाठी मी उभा राहिलो ते सांगतो. १३ डिसेंबर २००६ ला सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस पोरं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथं वस्तीनं मागणी केली की तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची. आणि नव्या अंगणवाड्या देताना दलित-आदिवासी वस्त्या आधी. झोपडी २००० सालच्या आधीची का नंतरची, असं त्यात कुठं विचारलेलं नाही. म्हंजे जी वस्ती पालिकेच्या नकाशात नाही, तिच्यातल्या पोरांनाही हा आदेश लागू आहे. पोर अनधिकृत नसतं.

नाल्यापलीकडच्या नव्या वस्तीत एकही अंगणवाडी नाही. गेल्या आठवड्यात आम्ही दोघं वही घेऊन गेलो. पहिल्याच गल्लीत चाळीसचा आकडा ओलांडला. एका म्हातारीला वाटलं, पाडायला आले. तिनं दार लावून घेतलं. आम्ही पोरांची नावं विचारायला लागलो तेव्हा तिनं फट करून सांगितलं, "आमच्या दोन लिवा."

उद्या रविवार. सकाळी आठला नाल्याच्या पुलावर भेटू. पोराचं नाव, वय, आईचं नाव, ती कामाला कुठं जाते, एवढंच लिहायचं. आधारकार्ड मागायचं नाही. मुलींनी पुढं व्हायचं, कारण बाया आपल्याला दार उघडत नाहीत, आणि त्यालाही कारणं आहेत. सोमवारी अर्ज घेऊन बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या ऑफिसात. शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय कुणी हलायचं नाही. त्या तारखेपासून तीन महिने मोजायचे.

चहाला गेलेली दोघं आलीत का? त्यांच्याकडं सायकल आहे. पलीकडची शेवटची गल्ली लांब पडते, ती त्यांना द्या.